'तुमच्याकडून गाडी नेली तेव्हापासून…' म्हणत भांडायला आलेल्या ग्राहकाशी कसं वागावं?

बडोद्यातल्या मांजलपूरला दीड वर्षापूर्वी स्वतःचं गॅरेज टाकलेल्या एका तरुण मेकॅनिकचा प्रश्न आहे. सीएनजीवरची एक वॅगन आर जनरल सर्व्हिस आणि पुढच्या ब्रेक पॅडसाठी आली. काम झालं, ग्राहकाने अर्धे पैसे देऊन गाडी नेली आणि चौथ्या दिवशी परत आला. एसी थंड करत नाही, तुमच्या पोरांनी बिघडवला, उरलेले 3,800 रुपये देणार नाही, ग्राहक मंचात जाईन, असं चार लोकांसमोर ओरडून गेला. "काका, मी आवाज चढवला तर धंदा जातो, गप्प बसलो तर पैसे जातात. अशा लोकांशी वागायचं कसं?"

अरे, आधी मीच तुला एक विचारतो, राग मानू नकोस. त्या गाडीत केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, आहे का, आणि असला तर तुझ्या पोराने तो काढून साफ केला होता का? फिल्टर वाकडा बसला, किंवा त्यातला पाला ब्लोअरमध्ये पडला, की हवेचा जोर कमी होतो आणि ग्राहकाला एसीच गेला असं वाटतं. पुढून प्रेशरचं पाणी मारताना एसीच्या कंडेन्सरच्या, म्हणजे पुढच्या जाळीच्या, पात्या दबल्या का? पंख्याचा कनेक्टर नीट 'टक' करून बसलाय का? एवढं बघितल्याशिवाय 'आमचा काही संबंध नाही' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

मी हे शिकलो ते स्वतःचं नुकसान करून. 1991 साली प्रतापनगरच्या एका मिस्त्रींच्या हाताखाली पाने-स्पॅनर धुण्यापासून सुरुवात केली, 1997 ला स्वतःचं शटर उघडलं. 2003 च्या सुमारास एक गृहस्थ आले. ब्रेकचं काम करून गेल्यापासून गाडी डावीकडे ओढते म्हणाले. मी अर्धा तास त्यांच्याशी वाद घातला. टायरची हवा बघा, अलाइनमेंट करून घ्या, रस्ताच तसा आहे, जे सुचलं ते बोललो. शेवटी चाक उघडलं तर कॅलिपरची, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची, पिन कोरडी, ग्रीस लावायचंच राहिलेलं, कॅलिपर अडकून डावं चाक गरम झालेलं. चूक शंभर टक्के आमची. पैसे परत केले, माफी मागितली, पण ते गृहस्थ पुन्हा कधी आले नाहीत. चूक त्यांनी पोटात घातली असती, त्या अर्ध्या तासाचं काय करणार? त्यानंतर मी नियम केला: तक्रार घेऊन आलेली गाडी आधी आत घ्यायची, बोनेट उघडायचं आणि मग बोलायचं.

बडोद्यात हे वाक्य तू गुजरातीत रोज ऐकशील, "तमारे त्यांथी गाडी लीधी त्यारथी ज आवाज आवे छे." म्हणजे तुमच्याकडून गाडी नेली तेव्हापासूनच आवाज येतोय. याला अपमान समजू नकोस. गाडीवाल्याला आतलं काही दिसत नाही. तू पॅड बदलले की नुसते घासून लावले, तेल चार लिटर घातलं की तीन, त्याला कळायला मार्गच नाही. डॉक्टरकडे गेल्यावर किमान पोटात दुखायचं थांबल्याचं त्याला स्वतःला कळतं. इथे तो पाच-सात हजार रुपये देतो आणि हातात येते तीच जुनी गाडी, तीच दिसणारी, फक्त धुतलेली. मग चौथ्या दिवशी काही बिघडलं की त्याच्या डोक्यात पहिला माणूस येतो तो तू, कारण गाडीला शेवटचा हात तुझा लागलेला. या मनःस्थितीतल्या माणसावर तू आवाज चढवलास की त्याची खात्रीच पटते.

म्हणून खरं काम गाडी येते त्या वेळचं आहे. गाडी आत घेताना जी दहा मिनिटं तू वाचवतोस, तीच पुढे तुझी झोप घालवतात. माझ्याकडे गाडी आली की मालक उभे असतानाच मी किंवा माझा फोरमन गाडीभोवती एक फेरी मारतो. ओरखडे, पोचे, काचेवरची चीर, टायरची अवस्था यांचे फोटो. मग इग्निशन चालू करून मीटरचा फोटो, त्यात किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि कुठला दिवा पेटलाय ते सगळं येतं. एसी चालू करून हात लावून बघायचा. चारही काचा खाली-वर. हॉर्न, वायपर, हेडलाइट. सेल्फ मारताना बॅटरीचा मीटर बघायचा. उभ्या गाडीत भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली घसरत असेल तर जॉब कार्डावर, म्हणजे त्या गाडीच्या कामाच्या कागदावर, लिहायचं, 'बॅटरी कमजोर, मालकांना सांगितलं', आणि सही घ्यायची. मग आठवड्याने ती बॅटरी बसली तर तेच गृहस्थ फोन करून म्हणतात, "तुम्ही बोलला होतात खरं." न लिहिलेली तीच बॅटरी तुझ्या पोराने बिघडवलेली ठरते.

तुझ्या वॅगन आरच्या मालकाने गाडी आत दिली तेव्हा एसीला कोणी हात लावून बघितलं होतं? नसेल बघितलं, तर एसी आधी चालत होता की नाही हे तुलाही माहीत नाही आणि सिद्धही करता येणार नाही. हे कटू आहे, पण खरं आहे.

डिकी आणि ग्लोव्ह बॉक्समधलं सामान मालकासमोर काढून द्यायचं, नाही तर लिहून घ्यायचं. गॉगल गेला, सुटे पैसे गेले, पेन ड्राइव्ह गेला, असल्या तक्रारीत पैशापेक्षा पोरांची अब्रू जाते, आणि तो डाग पुसता येत नाही.

दुसरं, किंमत. फोनवर 'साधारण तीन-साडेतीन होतील' असं कधीही म्हणू नकोस. तू साडेतीन म्हणतोस, तो तीन ऐकतो, बिल होतं 4,700. गाडी उघडून बघितल्यावर आकडा सांगायचा, सुटे भाग वेगळे, लेबर वेगळं, जीएसटी वेगळा. काम करताना नवीन काही निघालं तर हात थांबवायचा, फोटो काढून पाठवायचा, होकार लेखी आल्यावरच पुढे जायचं. 'करून टाका' असं तोंडी ऐकून केलेलं काम बिलाच्या वेळी कोणाला आठवत नाही. घासलेला पॅड काढला की त्याची जाडी मोजून दाखव. नवीन पॅडवर दहा-बारा मिलिमीटर मटेरियल असतं, तीनच्या आसपास आलं की बदलायचं. हे मोजमाप ग्राहकाला कळतं, 'खराब झाले होते' हे कळत नाही. जुने भाग पिशवीत घालून डिकीत ठेवायचे. बरेच जण घरी जाऊन फेकून देतात, तरी ठेवायचे.

'बिल नको, जीएसटी तेवढा कमी करा' म्हणणारा ग्राहक गोड बोलतो, पण पुढे तोच सगळ्यात अवघड होतो. बिल न दिलेलं काम बिघडलं की तुझ्याकडे दाखवायला कागद नाही आणि त्याच्याकडे तुझ्यावर बोट ठेवायला कारण आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार पद्धत धरलेली आहे. तू जीएसटीत नोंदलेला असलास वा नसलास, बिल दे. आणि करात ग्राहकाचा फायदा असेल तर त्याने मागण्याआधी दे. 22 सप्टेंबर 2025 पासून बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात माझ्याकडे जुन्या दराने इस्टिमेट दिलेल्या काही गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांना फोन करून नवा आकडा सांगितला. त्यातले एक आजोबा एरवी नट-बोल्टचा हिशेब मागणारे. त्या दिवसापासून बिल न वाचता पैसे देतात.

आता तुझ्या 3,800 रुपयांबद्दल. यातली कायद्याची बाजू प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत हवी. 1999 मध्ये एका टॅक्सीवाल्याकडे माझी जुनी सहा हजारांची उधारी होती. तो क्लचच्या कामाला गाडी घेऊन आला, क्लचचे पैसे रोख द्यायला तयार होता, पण मी जुन्या उधारीसाठी गाडी अडवून ठेवली. वकिलाची नोटीस आली. तेव्हा न्यायमंदिरातल्या कोर्टात वकिली करणारे एक ग्राहक होते, त्यांनी मला बसवून समजावलं. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे ज्या वस्तूवर तू तुझं कौशल्य आणि मेहनत वापरलीस, त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवायचा तुला हक्क आहे. पण त्याच कामापुरता. मागच्या वर्षीच्या उधारीसाठी आजची गाडी अडवता येत नाही. सगळ्या जुन्या थकबाकीसाठी माल अडवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम 171 मध्ये बँकांना आणि आणखी मोजक्या व्यवसायांना आहे, त्यात मेकॅनिक नाही. शिवाय हा हक्क गाडी ठेवून घेण्याचा आहे, विकण्याचा नाही.

कायद्यातच शिंप्याचं उदाहरण दिलेलं आहे. कोट शिवून झाल्याबरोबर देतो आणि पैसे तीन महिन्यांनी घेतो असं शिंप्याने कबूल केलं असेल, तर पैशासाठी त्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे 'उरलेले पुढच्या महिन्यात द्या' असं तू आधी कबूल केलंस की हक्क गेला. आणि गाडी गेटबाहेर गेली की अडवायला उरलंच काय? तुझं तसंच झालंय. यापुढे चावी आणि पैसे एकाच वेळी हात बदलतील असं बघ. क्यूआर कोड काउंटरवर लाव. ज्याला उधारी द्यायची त्याला ती बुडाली तरी चालेल असं समजूनच दे, नाही तर देऊ नकोस.

ताब्यातल्या गाडीची जबाबदारीही तुझी. कलम 151 म्हणतं, आपल्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी शहाणा माणूस घेईल तेवढी घ्यायची. अडवलेली गाडी रस्त्यावर उन्हापावसात उभी केलीस आणि काच फुटली, तर त्याच्या हातात आयतं कोलीत दिलंस.

2024 च्या ऑगस्टबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. विश्वामित्री नदी शहरात शिरली, समा, अकोटा, कारेलीबाग भागात गाड्या दोन-दोन दिवस पाण्यात उभ्या होत्या. 31 जुलै 2019 चा पाऊस बघितलेले आम्ही लोक, तरी हे वेगळं होतं. पाणी ओसरल्यावर माझ्याकडे गाड्यांची रांग लागली आणि येणारा प्रत्येक जण चिडलेला. त्यातले बहुतेक एरवी अत्यंत सभ्य लोक. घरात फूटभर गाळ, फ्रिज गेलेला, सोफा फेकलेला, आणि वर मी सांगणार की इंजिन उघडावं लागेल. त्या माणसाला 'अवघड ग्राहक' म्हणायचं माझ्या जिवावर येतं.

एका गृहस्थांची गाडी सोसायटीच्या तळघरात बुडाली होती. एअर फिल्टर भिजलेला, त्यात गाळ. प्लग काढून इंजिन फिरवून बघितलं, फिरेना. खोललं तर कनेक्टिंग रॉड वाकलेला. पाणी दाबलं जात नाही. चालू इंजिनने हवेऐवजी पाणी ओढलं की पिस्टन वर येताना त्यावर आदळतो आणि रॉड वाकतो. बंद गाडी नुसती पाण्यात उभी राहिली तर इतर नुकसान ढीगभर होतं, रॉड असा वाकत नाही. म्हणजे कोणीतरी सेल्फ मारला होता. ते म्हणाले, नाही मारला. विम्याची साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी होती, इंजिन प्रोटेक्टची जोड नव्हती, आणि अशा इंजिनाचा खर्च साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. त्यांची इच्छा होती की नुकसान तपासायला येणाऱ्या विम्याच्या सर्व्हेअरसमोर मी वेगळं काही सांगावं. मी नाही म्हटलं. त्यांनी मला सगळ्या गॅरेजसमोर माणुसकी नसलेला म्हटलं. मी त्यांना आत बसवलं, चहा मागवला, वाकलेला रॉड टेबलावर ठेवला, पॉलिसीचं पान वाचून दाखवलं आणि सेकंडहँड इंजिनापासून अर्ध्या इंजिनापर्यंत चार पर्याय खर्चासकट लिहून दिले. त्यांनी गाडी दुसरीकडे ओढून नेली. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण खोटं लिहून दिलं असतं तर सर्व्हेअरने पुढच्या पन्नास जणांच्या खऱ्या क्लेमवरही माझा शब्द मानला नसता. तेव्हापासून पावसाळ्यात आलेल्या प्रत्येक गाडीचा फोटो आम्ही दारावरच्या चिखलाच्या रेघेसकट काढतो, पाणी कुठवर चढलं होतं ते नंतर कोणाला नाकारता येत नाही. आणि जूनमध्येच ओळखीच्या सगळ्यांना निरोप जातो: गरनाळ्यात, म्हणजे पुलाखालच्या रस्त्यात, पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, ढकला, फोन करा.

घरच्या माणसांचं एक वेगळंच. बडोद्यातला मराठी समाज एकमेकांना धरून आहे. दांडिया बाजारातल्या गणपतीत जे शेजारी उभे असतात तेच सोमवारी गाडी घेऊन येतात आणि म्हणतात, "आपल्या माणसाकडून लेबर घेणार का?" मी पूर्ण बिल बनवतो, सगळं लेबर लावतो आणि खाली 'सूट' म्हणून जे सोडायचं ते लिहितो. सूट दिसायला हवी, नाही तर ती हक्क होते. मामांना, काकूंना हे आधी खटकलं, आता सवय झाली. कुठल्याही नातेवाइकाला चालू कामातली दुसऱ्याची गाडी खाली उतरवून पुढे घ्यायची नाही. रांगेतला अनोळखी माणूस ते बघत असतो.

यूट्यूब बघून येणाऱ्या पोरांवर चिडू नकोस. हातात गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्वस्तातला ओबीडी रीडर असतो, पी 0171 कोड दाखवतात आणि म्हणतात, ऑक्सिजन सेन्सर बदला. हा कोड एवढंच सांगतो की हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवेचा सेन्सर, कमी पडणारा पंप, कारण काहीही असू शकतं. त्याच्यासमोर इनटेकभोवती तपासून दाखव. गाडीवर प्रेम असलेला ग्राहक आहे हा, एकदा पटलं की चार मित्र घेऊन येतो. सीएनजीवाल्यांनाही असंच आधी समजावायचं. गॅसवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, प्लग लवकर झिजतात, पेट्रोलवर गाडी छान चालते आणि गॅसवर झटके देते. हे सर्व्हिसच्या दिवशी सांगितलं तर सल्ला, महिन्याने सांगितलं तर बहाणा.

वेळेचा शब्द जपून दे. नवरात्रात सगळ्यांना गाडी संध्याकाळी सहाच्या आत हवी असते, आणि संध्याकाळ सगळ्यांचीच एक असते. त्या नऊ दिवसांत मी क्लच, इंजिन असली मोठी कामं घेतच नाही. 'उद्या देतो' म्हणून परवा देण्यापेक्षा 'दसऱ्यानंतर आणा' हे ऐकून लोक कमी चिडतात.

ऑनलाइन कोणी वाईट लिहिलं तर दोन ओळी, तारीख, काम काय झालं, आणि 'गाडी घेऊन या, बघतो'. त्याचं नाव, नंबर, बिल तिथे टाकायचं नाही.

एका बाबतीत मात्र मी ऐकून घेत नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाने माझ्या सतरा-अठरा वर्षांच्या हेल्परला कॉलर धरून शिवी दिली, सीटवर तेलाचा हात लागला म्हणून. सीटला डाग लागला ही आमची चूक होती, सीट कव्हर घालायला हवं होतं. मी सीट साफ करून दिली, चाकं बसवली, त्या दिवसाचं लेबर घेतलं नाही आणि शांतपणे सांगितलं की यापुढे तुमची गाडी आम्ही घेणार नाही. तो माणूस चांगले पैसे देणारा होता, घरात तीन गाड्या होत्या. पण त्या पोराने त्या संध्याकाळी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ते मला कुठल्याही बिलात भरून मिळालं नसतं. आज तोच माझा फोरमन आहे. ग्राहक तुझ्यावर ओरडला तर सोसायला शीक, तुझ्या माणसावर हात टाकला तर मध्ये उभा राहा.

आता तुझी वॅगन आर. उद्या सकाळी तू स्वतः फोन कर, पोराला करायला लावू नकोस. पैशाचा विषय काढू नकोस. "साहेब, एसी मला स्वतःला बघायचाय, तपासणीचं काही घेणार नाही, तुम्ही समोर थांबा" एवढंच बोल. शक्यतो रविवारी बोलव, गर्दी नसताना. गेज लाव, प्रेशर दाखव. एसीचा गॅस कमी निघाला तर कंडेन्सरवर आणि पाइपांच्या जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोध. गॅस जिथून सुटतो तिथून थोडं तेलही बाहेर येतं. असा डाग जुना, काळा झालेला असेल तर ती गळती तुझ्या सर्व्हिसच्या आधीची आहे, आणि ते त्याला स्वतःच्या बोटाने पुसून बघू दे. फिल्टर, पंखा किंवा दबलेल्या पात्या यातलं काही निघालं तर तिथल्या तिथे दुरुस्त कर, चूक कबूल कर आणि 3,800 मधून काही सोडायचं असेल तर तूच आधी बोल. गळती त्याची निघाली तर दुरुस्तीचं इस्टिमेट लेखी दे, आणि मग शेवटी जुन्या बिलाचं बोल. इतकं करूनही नाही दिले, तर एवढ्या रकमेसाठी कोर्टाची पायरी चढू नकोस. बिल फाइलला लाव, त्याचा नंबर वहीत वेगळ्या पानावर लिही आणि पुढच्या वेळी काम सुरू करायच्या आधी पूर्ण ॲडव्हान्स माग.

आणि फोन करायच्या आधी त्या गाडीचं काम ज्या पोराने केलं त्याला बाजूला घेऊन विचार, फिल्टरला हात लावला होता का. रागावणार नाही असं आधी सांग, आणि खरंच रागावू नकोस.